भोंडल्याची गाणी धुऊन काढू नका : नवरात्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
आमच्या वसाहतीची सांस्कृतिक समिती
आणि नवरात्रात भोंडला भरवणारी सगळी मंडळं यांस,

सस्नेह नमस्कार.

यंदाच्या भोंडल्यासाठी समितीने छापलेली गाण्यांची पुस्तिका गेल्या आठवड्यात घरोघर पोचली. वरचा हत्ती देखणा आहे, टाइप मोठा आहे, ते चांगलंच झालं. आत मात्र ‘सुधारित भोंडला गीते’ आहेत. जुन्या गाण्यांत सासू-सुनांची भांडणं, मारहाण आणि सासरची नालस्ती असल्यामुळे मुलींच्या मनात सासरबद्दल अढी बसते, म्हणून शब्द बदलून गाणी ‘सकारात्मक’ केली आहेत, असं प्रस्तावनेत लिहिलं आहे. समितीतल्या बहुतेकांना मी ओळखते. हेतू वाईट नाही, हेही मला ठाऊक आहे. पण जे केलंय ते मला मान्य नाही, आणि हे आपापसात बोलून सोडून देण्यासारखंही नाही. आपल्या पुस्तिकेचे फोटो उद्या दुसऱ्या मंडळांकडे जातील आणि दोन-चार वर्षांत मुली हेच मूळ गाणं समजून म्हणतील. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. माझ्या आजीचं लग्न अकराव्या-बाराव्या वर्षी झालं. सासरच्या पहिल्या वर्षांबद्दल तिने आम्हाला कधी बसून काही सांगितलं नाही. विचारलं तर “होतं तसं” एवढंच म्हणायची. पण हादग्याची गाणी शिकवताना ती मध्येच थांबे, “आमच्याकडे हे काम थोरल्या जाऊबाई सांगायच्या” असं काहीतरी पुटपुटे आणि पुढची ओळ धरे. तिच्या आयुष्यातलं आम्हाला जे काही कळलं, ते या थांबण्यांतून कळलं. आईने ती गाणी वहीत उतरवून घेतली. ती वही आता माझ्याकडे आहे आणि तिच्यावरूनच मी या वसाहतीतल्या मुलींना गाणी शिकवत आले आहे. तुमच्या पुस्तिकेतलं एकही गाणं त्या वहीशी जुळत नाही.

आता एकेक तक्रार मांडते.

पहिली तक्रार ‘कारल्याच्या वेला’ची. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, “कारल्याचा वेल लाव गं सूने, मग जा आपुल्या माहेरा.” सून वेल लावते आणि विचारते, “आता तरी जाऊ का माहेरा?” मग कोंब येऊ दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, उष्टी काढ. कामं संपत नाहीत. कामं संपल्यावर सासू म्हणते, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. असं फिरत फिरत प्रश्न नवऱ्यापर्यंत जातो. तुमच्या पुस्तिकेत सून विचारते आणि सासूबाई पहिल्याच कडव्यात “जा गं लाडके” म्हणून तिला निरोप देतात. दोन कडव्यांत गाणं खलास.

त्या गाण्याची लांबी हाच त्याचा अर्थ आहे. वेलाला कारलं लागायला आठवडेच्या आठवडे लागतात. बी पेरल्यापासून ताट घासेपर्यंत एक बाई थांबून आहे, आणि फेर धरलेल्या सगळ्याजणी प्रत्येक कडव्याला तिच्याबरोबर पुन्हा तेच विचारताहेत. सात-आठ वर्षांच्या मुलीलाही तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत कळतं की सासूला हो म्हणायचंच नाहीये. कुणीही नाही म्हणत नाही आणि तरी जायला मिळत नाही. परवानगी या गोष्टीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. ते तुम्ही कापलंत.

याच गाण्याचे दोन शेवट आपल्याकडे म्हटले जातात. एकात नवरा म्हणतो, “आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा.” दुसऱ्यात तो काठी घेतो आणि पाठीत हाणतो. आमच्या वहीत दोन्ही आहेत, एकाखाली एक. आईने कुठला खरा, कुठला खोटा असं काही लिहिलेलं नाही. घरोघरी दोन्ही घडत होतं, तेव्हा बायकांनी दोन्ही ठेवले. पहिला शेवट मला फार आवडतो. या गाण्यांत नवरा-बायकोचं प्रेम शोधायला गेलं तर जवळजवळ सापडत नाही. प्रेम असतं ते आईवर, भावावर, माहेरच्या वाटेवर. त्यात हा एक माणूस बायकोचे केस विंचरले जावेत, तिने नीट आवरून जावं, असं म्हणतो. तिला जाऊ देणं हीच त्याची माया. पण हा शेवट गोड का लागतो? दुसऱ्या घरी काठी होती हे ऐकणारीला माहीत असतं म्हणून. काठी पुसलीत तर फणीलाही काही किंमत उरत नाही.

दुसरी तक्रार ‘अरडी गं बाई परडी’ची, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागली आहे. दारात सासरची माणसं मुलीला न्यायला आली आहेत. सासरा येतो, सासू येते, दीर येतो, नणंद येते. प्रत्येकाच्या हातात एक दागिना; कुणाकडे पाटल्या, कुणाकडे तोडे, गावागावांत दागिने बदलतात. मुलगी घरातूनच उत्तर धाडते: मी घेत नाही, सांगा मी येत नाही, चारी दरवाजे लावा गं बाई, झिपरं कुत्रं सोडा गं बाई. पुस्तिकेत सासरा येताच दरवाजे उघडतात, रांगोळी घातली जाते आणि झिपरं कुत्रं गायब आहे.

ज्या काळात हे गाणं जुळलं त्या काळात अंगावरचं सोनं हीच बाईची स्वतःची म्हणावी अशी पुंजी. ते दारात आलेलं सोनं ती परत पाठवते आहे. एकदा नव्हे, येईल त्या प्रत्येकाकडून. आणि अंगणात फेर धरलेल्या दहा-वीस मुली ते एका सुरात, मोठ्याने, शेजारपाजारच्या सासवांना ऐकू जाईल असं म्हणताहेत. एरवी त्यांतली एकही मुलगी हे एकटीने म्हणू शकली नसती. म्हणायला जागा एकच होती, ती हीच.

शेवटी नवरा मंगळसूत्र घेऊन येतो, तेव्हा ती ते घेते, दरवाजे उघडतात, कुत्रं बांधलं जातं. म्हणजे हे गाणंही पूर्ण बंडाचं नाही. त्याला शेवटची पायरी ओलांडता आली नाही. ती ओलांडणारी मुलगी याच मराठी मुलखातली होती आणि तिचं नाव आपल्या मुलींना सांगायला हवं. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलं होतं. ती वडील म्हणून ज्यांच्याकडे वाढली त्या डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच ती राहिली, शिकली. नवऱ्याने नांदायला बोलावलं तेव्हा तिने नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. पण अपील झालं, प्रकरण परत आलं आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, ती इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरत, राजकोट इथे तिने आयुष्यभर बायकांवर उपचार केले. लहान वयात न विचारता लावलेलं लग्न मी का पाळू, हा तिचा प्रश्न होता. त्या खटल्यावर इतका वाद पेटला की १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे त्याचाही मोठा वाटा मानला जातो.

रखमाबाईने हे गाणं म्हटलं होतं की नाही यावर माझं म्हणणं अवलंबून नाही. पण तिच्यासारख्या असंख्य मुलींना जे कोर्टात म्हणता आलं नाही ते अंगणात म्हणता आलं, एवढं तर या ओळींवरून दिसतं. आणि हा इतिहास पूर्ण मागेही पडलेला नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ खाली आजही जोडीदाराने परत नांदायला यावं असा आदेश कोर्टाकडे मागता येतो. अशा वेळी आमच्या मुलींनी “चारी दरवाजे उघडा” एवढंच शिकावं, असं समितीने कशावरून ठरवलं?

तिसरी तक्रार. ‘श्रीकांता कमलकांता’ हे वेड्या नवऱ्याचं गाणं तुम्ही पूर्ण गाळलंत. बायको लाडू करते, तो चेंडू समजून खेळतो. मुली या गाण्याला पोट धरून हसतात. त्यात वेडाची थट्टा आहे आणि ती आज खुपते, हे तुमचं म्हणणं मी ऐकलं; त्यात तथ्य आहे. पण शेवटचं कडवं कुणी नीट वाचलं का? बायको पलंगावर झोपलेली असते. मेली मेली म्हणून तो तिला जाळून टाकतो. हसत हसत मुली इथवर येतात. ज्या पिढीने स्टोव्हच्या भडक्यात सुना गेल्याच्या बातम्या रोज वाचल्या, ज्या बातम्यांमुळे आणि मोर्च्यांमुळे १९८३ मध्ये दंडसंहितेत सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम आलं, त्या पिढीच्या बाईला हे कडवं गंमत वाटत नाही. नशिबी कसाही नवरा आला तरी बाईने लाडू करत राहायचं आणि शेवटी तिच्या जिवाची किंमत एवढीच, हे कुणा अनाम बाईने गमतीच्या चालीत बसवून ठेवलंय. ते गाळून नवऱ्यांची अब्रू वाचेल कदाचित. मुलींचा त्यात काय फायदा?

मी या गाण्यांची आंधळी भक्त नाही. त्यांत मला खटकणारं पुष्कळ आहे. सगळा राग सासू आणि नणंद यांच्यावर निघतो. सासरा नि नवरा बऱ्याचदा अलगद सुटतात. ‘नणंदा भावजया दोघीजणी’मध्ये शिंक्यातलं लोणी कुणी खाल्लं यावरून नणंद दादाला सांगते की तुझी बायको चोरटी, मार तिला. त्या काठीच्या ओळीला लागूनच “घराघराची लक्ष्मी मोठी” ही ओळ येते. मार आणि लक्ष्मी एकाच श्वासात. हे गाणं लहान मुलींनी टाळ्या देत म्हणावं आणि मोठ्यांनी कौतुकाने व्हिडिओ काढावा, हे मला बरोबर वाटत नाही. ‘यादवराया’त रुसलेली सून सासूचा अर्धा संसारही नाकारते, आणि आमच्याकडच्या पाठात तिला शेवटी उठवतो तो नवऱ्याचा लाल चाबूक. म्हणजे तुमची काळजी मला कळते. फक्त तुमचा उपाय चुकला आहे. मुलींना हे गाणं म्हणू द्या आणि मग विचारा: तिला चोर का ठरवलं? नणंद आज भावजयीच्या विरुद्ध बोलली, उद्या ती स्वतः भावजय होऊन दुसऱ्या घरी जाईल तेव्हा तिचं काय होईल? लोणी खरंच कुणी खाल्लं असेल आणि घरच्या लोण्यावर सुनेचा हक्क का नाही? गेल्या वर्षी मी इमारतीतल्या मुलींना हे विचारलं तेव्हा एका सातवीतल्या मुलीने उलट विचारलं, “पण दादाने वहिनीला विचारलं का नाही?” प्रस्तावनेतल्या कुठल्याही ‘सकारात्मक’ ओळीने हा प्रश्न तिला सुचला नसता.

‘आता असं कुठे राहिलंय’ हे प्रस्तावनेतलं वाक्य मला मुळीच पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर, या तिन्ही ठिकाणी एकटीने जायला मोकळीक असलेल्या बायका देशात ४२ टक्केच निघाल्या. उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त, बायका कुठे ना कुठे “आता तरी जाऊ का” हेच विचारताहेत. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभर मुलींपैकी सुमारे २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. या मुलींना अजून गाण्याची गरज आहे, आणि खोट्या गाण्याची तर अजिबात नाही.

चौथी तक्रार निमंत्रणाची. त्यावर ‘सर्व सुवासिनी व कुमारिकांना आग्रहाचे निमंत्रण’ असं छापलंय. आपल्या वसाहतीत नवरा गेलेल्या बायका आहेत. घटस्फोट घेतलेल्या आहेत. सासरचा जाच सोसवेना म्हणून कायमची माहेरी आलेली एक मुलगी आहे. तिची आई दरवर्षी भोंडल्याला खिरापत करून पाठवते, या वर्षी मुलगी घरी म्हणून आईही यायची नाही म्हणते. “सांगा मी येत नाही” ही ओळ जिने खरी करून दाखवली तिलाच फेराबाहेर ठेवायचं आणि आत उरलेल्यांनी दरवाजे उघडल्याचं गाणं म्हणायचं, हा कसला भोंडला? हादगा असो, भोंडला असो की खानदेश-विदर्भातली भुलाबाई, मुळात हा पोरीबाळींचा खेळ. त्यात हळदीकुंकवाची अट कुणी आणि का घुसवली?

बाकीचं थोडक्यात. रेकॉर्ड लावून स्टेजवर फेर धरायचा, परीक्षकांनी नऊवारी नि नथीला गुण द्यायचे, प्रमुख पाहुण्यांच्या भाषणापुरता फेर थांबवायचा, हे बंद करा. पाटावरच्या हत्तीभोवती ज्या बायका जमतील त्यांनी आपापल्या गावची चाल म्हणावी, एकीचं कडवं दुसरीला माहीत नसावं, त्यावरून थोडी हुज्जत व्हावी, शेवटी डबा हलवून खिरापत ओळखावी. याला बक्षीस लागत नाही.

माझ्या मागण्या अशा:

ही पुस्तिका मागे घ्यावी. नवी काढायची असेल तर गाणी पूर्ण छापावीत, निरनिराळ्या शेवटांसह, आणि कुठल्या गावात कुठला पाठ म्हणतात तेही प्रत्येक गाण्याखाली द्यावं. नवी गाणी जरूर रचावीत. ज्या मुलीला बाईकवर एकटी माहेरी जाणारी सून गाण्यात आणायची असेल तिने आणावी, खाली स्वतःचं नाव घालावं. जुन्या गाण्याच्या अंगावर नवे कपडे चढवून तेच जुनं आहे असं भासवू नये.

वसाहतीतल्या ज्या आज्या-मावशांना गाणी येतात त्यांची गाणी त्यांना विचारून, त्यांच्या सवडीने ध्वनिमुद्रित करावीत; गाण्याबरोबर त्या जे बोलतात तेही. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी हे काम करायला तयार आहोत. समितीने फक्त सभागृह द्यावं.

निमंत्रणातले ते दोन शब्द काढून ‘सगळ्या बायका आणि मुली’ असं लिहावं, आणि ज्यांना आजवर बोलावणं गेलं नाही त्यांच्या घरी समितीतल्या कुणीतरी स्वतः जाऊन सांगावं. फलकावर लावून भागणार नाही.

एक संध्याकाळ मुलींशी बोलण्यासाठी ठेवावी. भाषण नको. गाणं म्हणायचं, मग त्यांना जे विचारायचंय ते विचारू द्यायचं. मुलगेही येऊ देत, कारण काठी उचलणाऱ्याचं गाणं त्यांनीही ऐकायला हवं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा काय देतो, मदत कुठे मागायची, हे सांगणारी एखादी वकील किंवा संरक्षण अधिकारी त्या दिवशी बोलवावी.

घटस्थापनेआधी समितीची बैठक आहे असं कळलं. मी येणार आहे, वही घेऊन येणार आहे. पुस्तिकेतलं आणि वहीतलं गाणं शेजारी ठेवून वाचू या, आणि ज्यांनी बदल केले त्यांनी प्रत्येक ओळ का बदलली ते समोर बसून सांगावं. निर्णय काय होईल तो लेखी कळवावा आणि पुस्तिका जशी घरोघर पोचवलीत तसा तोही पोचवावा.

आपली,
वसाहतीतली एक रहिवासी